वाडीवर एकच बंदूक ठेवायची तर: रायफल की बाराबोअर?

दरड कोसळून घाट बंद झाला की आमची वाडी दोन-दोन दिवस जगापासून तुटते. अशा वेळी घरात परवान्याची एकच बंदूक असेल तर ती बाराबोअर, म्हणजे छर्रे उडवणारी बंदूक, असावी, असं माझं ठाम मत आहे. शिकारीसाठी नव्हे, ती 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदच आहे. प्रश्न जिवावर बेतल्यावरचा आहे.

रायफलचा नेम लांबचा. पण कोकणात लांबचं दिसतं कुठे? करवंदीच्या जाळीतून रानडुक्कर अंगावर येतं ते वीस पावलांवरून. छर्‍यांचा जोर 35-40 मीटरपर्यंतच, तेवढा पुरतो. उलट .22 या लहान मापाच्या रायफलची बारीकशी गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते, आणि चिऱ्याच्या गडग्यावर आपटली तर कुठे वळेल सांगता येत नाही. खाली शेजाऱ्याचं अंगण असतं, पोरं खेळत असतात.

ओझ्यात मात्र रायफल सरस: .22ची शंभर काडतुसं साधारण 350 ग्रॅम, बाराबोअरची चार किलोंच्या वर. शिवाय कागदी काडतुसं दमटपणाने फुगतात आणि नळीत धड बसत नाहीत. प्लास्टिकचीच घ्या.

खाऱ्या वाऱ्याचा गंज दोघींनाही सारखाच. आषाढात रिकाम्या नळीतून रोज तेलाचा बोळा फिरवायचा.