कॉमरेक्स ॲक्सेस एनएक्स : गर्दीच्या नेटवर्कवर टिकणारा कोडेक

रेडिओच्या बाह्यप्रक्षेपणासाठी आयएसडीएन, म्हणजे दूरध्वनी कंपनीची डिजिटल लाइन, मागवण्याचे दिवस बहुतेक ठिकाणी सरले असून मैदानावरचा आवाज स्टुडिओपर्यंत नेण्याचे काम आता आयपी कोडेककडे, म्हणजे आवाजाचे डिजिटल रूपांतर करून तो इंटरनेटवरून पाठवणाऱ्या यंत्राकडे, आले आहे. आयएसडीएनवर ठरावीक बँडविड्थ आपल्यासाठी राखीव असे. इंटरनेटवर मात्र पॅकेट, म्हणजे आवाजाच्या माहितीचे छोटे तुकडे, उशिरा येतात, मागेपुढे होतात, काही वाटेतच हरवतात. म्हणून असे उपकरण पारखताना ते बिघडलेल्या नेटवर्कवर कसे वागते, हे मी सर्वांत आधी पाहतो. कॉमरेक्सचा ॲक्सेस एनएक्स हा सहज नेता येणारा कोडेक मला पसंत पडला, तो याच कसोटीवर.

आवाजाच्या दर्जाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जी.७२२ या जुन्या कोडिंग पद्धतीचा आवाज ७ किलोहर्ट्झपाशी थांबतो, तर २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ओपस ही पद्धत २० किलोहर्ट्झपर्यंतची कंप्रता पेलते आणि सेकंदाला ६४ किलोबिट (केबीपीएस) इतक्या कमी वेगावरही निवेदकाचा आवाज उत्तम देते. ओपस आज बहुतेक सर्वच उत्पादकांच्या यंत्रांत मिळते.

खरे वेगळेपण क्रॉसलॉक या व्यवस्थेत आहे. एकापेक्षा अधिक नेटवर्क, उदाहरणार्थ इथरनेट आणि मोबाइल मोडेम, ती एकाच वेळी वापरते. हवे तर त्यांवर भार वाटून देते, नाहीतर तीच पॅकेट सर्व वाटांनी पाठवते, ज्यामुळे एक वाट बंद पडली तरी ऐकणाऱ्याला खंड जाणवत नाही. सामना सुरू होण्याआधी सिग्नल भरपूर असतो. प्रेक्षक जमून जो तो चित्रफिती पाठवू लागला की त्याच टॉवरवरचा अपलोड कोसळतो, सिग्नलच्या दांड्या मात्र पूर्ण दिसत राहतात. अशा वेळी क्रॉसलॉकचे आलेख उपयोगी पडतात : कोणते नेटवर्क किती भार वाहत आहे, किती पॅकेट हरवली आणि त्यांतली किती भरून निघाली, हे त्यांत दिसते. दोन मोबाइल मोडेम वापरून त्यांत एकाच कंपनीची सिम कार्डे घातली, तर या साऱ्याचा फायदा जवळजवळ शून्य होतो, कारण दोन्ही एकाच गर्दीत अडकतात.

विलंबाचा प्रश्न उरतोच. बफर, म्हणजे ऐकवण्याआधी आवाज थोडा वेळ साठवून ठेवण्याचा अवधी, वाढवला की जोडणी स्थिर होते, पण स्टुडिओतील निवेदकाशी सवाल-जवाब अडखळतात. एकतर्फी समालोचनाला एक सेकंदाचा विलंबही चालतो, मुलाखतीला चालत नाही. शिवाय वार्ताहराच्या कानात स्टुडिओतून परत जाणाऱ्या आवाजांच्या मिश्रणातून त्याचाच आवाज वगळायला हवा. नाहीतर उशिरा येणारा स्वतःचा आवाज ऐकून कसलेला वार्ताहरही वाक्याच्या मध्येच थबकतो. हे काम स्टुडिओच्या मिक्सरवर करायचे असते, कोडेक ते आपोआप करत नाही.

खरेदीपूर्वी स्टुडिओतील रॅकमध्ये कोणते यंत्र आहे, ते तपासावे. दुसऱ्या उत्पादकाच्या कोडेकशी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या टेक ३३२६ या प्रमाणानुसार, म्हणजे एसआयपी (जोडणी जुळवण्याची पद्धत) आणि आरटीपी (आवाज वाहून नेण्याची पद्धत) यांच्या आधारे, जोडणी होते आणि जी.७२२ सारखे सामाईक कोडिंग चालते. तिथे क्रॉसलॉक मात्र मिळत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना कॉमरेक्सचेच यंत्र लागते. तसे नसेल, तर मी हे उपकरण घेण्याची शिफारस करणार नाही.