पूलचं कुंपण, गेट आणि स्पाचं झाकण: सिडनीच्या घरातले आठ महिने

घर घेतलं तेव्हा पोहायचा पूल आधीपासून होता. करारासोबत प्रमाणपत्रही होतं, पण ते ‘पूल नियमांत बसत नाही’ असं सांगणारं! न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, असं घर विकता येतं. मग ताबा मिळाल्यापासून 90 दिवसांत दुरुस्ती करून घेणं नव्या मालकाच्या गळ्यात. आमची लेक तीन वर्षांची. पहिल्याच आठवड्यात जुनं कुंपण काढून ॲल्युमिनियमचं घातलं.

कुंपणाबद्दल तक्रार नाही. उंची किमान 1.2 मीटर, खाली किंवा दोन गजांमध्ये 10 सेंटिमीटरहून जास्त फट नको, हे सगळं नीट जमलंय, गंजही नाही. (30 सेंटिमीटरहून जास्त खोल पाणी मावणारा फुगवायचा पूल आणलात तरी इथे कुंपण लागतं, हे बऱ्याच आपल्या लोकांना माहीत नसतं.)

तरी तपासणीत अडकलो ते तुळशीमुळे. सांगलीहून आलेल्या आईने ऊन चांगलं मिळतं म्हणून कुंडी कुंपणाच्या बाहेर अगदी लगत ठेवली होती. तपासनीसाने टेप लावून दाखवलं: 90 सेंटिमीटरच्या पट्ट्यात पाय ठेवून चढता येईल असं काहीही चालत नाही. मला वाटलं आई नाराज होईल. ती म्हणाली, “विहिरीच्या कठड्याला कुणी पायरी लावून ठेवतं का? हलव ती.” कुंडी हलली, प्रमाणपत्र मिळालं.

आता गेट, कारण खरी मेख तिथेच आहे. आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या आणि चुंबकाची कडी. बसवणारा म्हणाला होता, “आता बघायला नको.” चार महिने खरंच बघावं लागलं नाही. पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी लेकीचा टॉवेल काढायला गेले, तर गेट मिटल्यासारखं दिसत होतं, पण कडीपाशी बोटभर उजेड होता. पूर्ण उघडून सोडलं की धाडकन लागायचं. वीतभर उघडून सोडलं की कडीच्या अलीकडेच थांबायचं. नियम तर असा की कुठूनही सोडलं तरी गेट स्वतःहून मिटून कडी लागलीच पाहिजे. बिजागरीच्या स्प्रिंगचा ताण स्क्रू-ड्रायव्हरने दोन खाचा वाढवला आणि ठीक झालं. तेव्हापासून दर शनिवारी पूर्ण, अर्धं आणि वीतभर, असं तीनदा सोडून बघते. प्रमाणपत्राची मुदत 3 वर्षं, पण ते तपासणीच्या दिवसापुरतंच खरं असतं.

दिवाळीच्या जेवणाला ताटं नेता यावीत म्हणून कुणीतरी गेट उघडं राहायला कूलबॉक्स लावून ठेवला होता. मी सगळ्यांसमोर काढला. वाईट वाटलं असेल, पण चार पोरं अंगणात धावत होती. आता पाळीपाळीने एक मोठं माणूस फोन बाजूला ठेवून नुसतं पाण्याकडे बघत बसतं.

स्पावर, म्हणजे बसायच्या गरम पाण्याच्या टबावर, मात्र मी खूश नाही. वापरात नसताना मुलांना उघडता येणार नाही असं कुलूपबंद झाकण असेल तर स्पाला वेगळं कुंपण लागत नाही, म्हणून झाकणावरच विसंबलो. पट्टे, कुलपं अजून मजबूत आहेत. पण आतला फोम पाणी पिऊन इतका जड झालाय की मला एकटीला उचलत नाही. जड झाकण म्हणजे ‘पाच मिनिटांत येते, राहू दे उघडं’ असं म्हणायचा मोह. नवं मागवलंय, उचलायच्या दांड्यासकट. पाणी 40 अंशांच्या वर न्यायचं नसतं, आम्ही 37 वर ठेवतो. लेकीला आत सोडत नाही, आणि मोठ्यांनीही केस बांधूनच उतरायचं, कारण पाणी ओढणाऱ्या जाळीत केस अडकू शकतात.

आणखी एक: पूलजवळचा सीपीआरचा (छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायच्या उपायाचा) फलक इथल्या उन्हात विटला. तो तीन मीटरवरून वाचता यायला हवा. नवा लावलाय, आणि मी व नवरा दोघांनीही सीपीआरच्या वर्गाला नाव घातलंय.