दाजीपूर की चांदोली?

कोल्हापूरकडं पाहुणे आले की हाच प्रश्न, जंगल बघायला कुठं न्यायचं? गवाच बघायचा असेल तर डोळे झाकून दाजीपूर, पूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान होतं, १९५८ ला अभयारण्य झालं, आता राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किमी पसरलंय. (गवा तर मधेमधे कोल्हापुरातपण येऊन जातोय म्हणा.) जांभ्याचे सडे (दगडाचे सपाट माळ) उघडे असल्यानं सकाळी लवकर गेलं तर कळप चरताना दिसतो.

चांदोली वेगळीच भानगड हाय भावा. वारणेच्या धरणामागचं ३१७ चौरस किमी जंगल, २००४ ला राष्ट्रीय उद्यान आणि २०१० ला कोयना अभयारण्यासोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, आतली गावं उठवली, त्यांच्या जुन्या शेतांत आता गवत माजलंय आणि सांबर, गवे तिथंच येतात, पण त्या गवतामागं किती घरांनी गाव सोडलं हे पाहुण्यांना कोण सांगत नाही.

वाघाचं म्हणाल तर दोन्हीकडं आशा धरू नका. राधानगरी मात्र चांदोलीला गोवा-कर्नाटकाकडच्या जंगलाशी जोडणारा पट्टा हाय, तो तुटला तर चांदोलीत वाघ येणार कुठनं? लहान पोरं सोबत असतील तर मी दाजीपूरलाच नेतो. पावसाळ्यात दोन्हीकडं सफारी बंद असते बरं का, आधी चौकशी करा.