सनस्क्रीनची ट्यूब: जेल, झिंक की रंगीत?

सांगली-मिरजेच्या मेडिकलमध्ये सनस्क्रीन मागितलं की काउंटरवर पहिली येते ती जेलची ट्यूब. तिच्यावर मोठ्या अक्षरांत एसपीएफ 50, त्याखाली पीए+++ आणि कुठेतरी ‘टॅन रिमूव्हल’ नाहीतर ‘ब्राइटनिंग’. पहिल्या दोन गोष्टी वाचा, तिसरी सोडून द्या. ऊन अडवण्याशी तिचा काही संबंध नाही.

उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांचे यूव्हीबी आणि यूव्हीए असे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. एसपीएफचा आकडा सांगतो तो मुख्यतः कातडी भाजवणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल. 15 चं सनस्क्रीन साधारण 93 टक्के किरण अडवतं, 30 चं 97 आणि 50 चं 98. म्हणजे 30 आणि 50 मध्ये जाहिरात दाखवते तेवढं अंतर नाही. आपल्या कातडीला काळे डाग देणारे यूव्हीए किरण मात्र या आकड्यात नीट येतच नाहीत. त्यांच्यासाठी जपानने 1996 मध्ये पीएची खूण आणली. दोन अधिकचिन्हांवर समाधान मानू नका, चार मिळाली तर उत्तम. यूव्हीए काचेतूनही येतात. साताऱ्याहून एसटीच्या खिडकीशी बसून आलात आणि काच बंद होती, तरी त्या बाजूच्या गालाला ते लागलेच.

आकडा भाजण्याचा का, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात ऊन हे औषध मानलं जात होतं. प्रकाशाने कातडीचा क्षयरोग बरा करणाऱ्या डॅनिश डॉक्टर फिन्सेनला 1903 चं नोबेल मिळालं. आपल्या पाचगणीचं बेल-एअर रुग्णालय 1912 मध्ये क्षयरोग्यांसाठी उघडलं, तेही डोंगरावरच्या मोकळ्या हवेच्या भरवशावर. मग 1920 च्या दशकात तिकडे रापलेली कातडी श्रीमंतीची खूण झाली: हिवाळ्यात समुद्रावर सुट्टी घालवायची ऐपत असलेल्याची. लॉरिआल या फ्रेंच कंपनीच्या युजीन श्युलेरने 1935 मध्ये आणलेलं तेल त्याच हौसेसाठी होतं. ऑस्ट्रियाचा रसायनतज्ज्ञ फ्रांझ ग्रायटर 1938 मध्ये आल्प्समधलं पिझ बुइन शिखर चढताना उन्हाने भाजला आणि 1946 मध्ये त्याची क्रीम बाजारात आली. एसपीएफचा आकडा पुढे त्यानेच रूढ केला. हेतू असा की रंग चढावा, पण कातडी सोलू नये.

आपल्याकडे नेमकं उलट. रापलेला चेहरा म्हणजे उन्हात राबणाऱ्याचा, आणि स्थळांच्या जाहिरातीत ‘गव्हाळ’, ‘निमगोरी’. त्यामुळे हीच ट्यूब इथे गोरेपणाच्या क्रीमशेजारी विकली जाते. हे वाईट आहे, कारण त्यात खरं दुखणं झाकलं जातं. गव्हाळ-सावळ्या कातडीला उन्हाचा मोठा त्रास काळेपणाचा नाही, वांगाचा, म्हणजे गालांवरच्या काळपट डागांचा आहे. आणि वांग नुसत्या यूव्हीनेच नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो. तो उजेड साधं जेल अडवत नाही.

म्हणून गालावर डाग असतील तर सरळ रंगीत सनस्क्रीन घ्या. त्यातला रंग आयर्न ऑक्साइडचा असतो आणि तोच दिसणारा उजेड अडवतो. ट्यूबच्या मागे आयर्न ऑक्साइड किंवा 77491, 77492, 77499 हे क्रमांक शोधा. नुसतं ‘टिंटेड’ लिहिलेलं पुरेसं नाही. छटा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहू नका. जबड्याच्या कडेला बोट फिरवा आणि बाहेर येऊन दिवसाच्या उजेडात बघा. तोटा एकच: पांढऱ्या कॉलरला आणि स्कार्फला रंग लागतो.

रंग नसलेली झिंक ऑक्साइडची क्रीम डोळ्यांत चरचरत नाही, नाजूक कातडीला आणि मुलांना चांगली. पण सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखी दिसते, म्हणून लोक ती चिमूटभर लावतात आणि मग ती निम्मंही काम करत नाही.

जेल गाडीवरून रोज जाणाऱ्यांना बरं, चिकट होत नाही. मात्र हेल्मेटमधल्या घामाबरोबर ते डोळ्यांत उतरतं, तेव्हा भुवईच्या वर कमी लावा. त्यात अव्होबेन्झोन (यूव्हीए अडवणारं रसायन) असेल तर सोबत त्याला टिकवणारं ऑक्टोक्रिलीन किंवा बेमोट्रिझिनॉल आहे का ते पाहा, कारण एकटं अव्होबेन्झोन उन्हातच मोडतं. दुसरी तक्रार धुण्याची. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर अव्होबेन्झोन लागलेल्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर गंजासारखे पिवळे-केशरी डाग उठतात. ब्लीच टाकलं की ते आणखी पक्के होतात. लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी लावून ठेवा आणि मग धुवा.

प्रमाणाचं काय? ट्यूबवरचा आकडा एक चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत दोन रेघा. 50 ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा लावली तर तीन आठवड्यांत संपायला हवी. तुमची चार महिने पुरत असेल तर लावता ते एसपीएफ 50 नव्हेच. कान, मानेची मागची बाजू आणि हँडलवरचे हात हमखास राहतात.

आधी मॉइश्चरायझर, पाच मिनिटं थांबून सनस्क्रीन. घाई केली की मळीसारख्या वळ्या निघतात. मग पंधरा मिनिटांनी स्कार्फ बांधा, नाहीतर सगळं कापडालाच पुसलं जातं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने पाणी आणि तेल वेगळं होतं. पिळल्यावर आधी पाणी आलं तर ती टाकून द्या.

ढगावर विसंबू नका. सप्टेंबरात कासला फुलं बघायला जाणारे हेच चुकतात. ढगातूनही यूव्ही येतात, शिवाय हजार मीटर चढलं की त्यांचा जोर दहा टक्क्यांनी वाढतो. सांगलीत मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीला सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. एरवीही सावली उंचीपेक्षा आखूड असेल तोवर जपायचं.

एप्रिलमध्ये तासगावला द्राक्षांची खरड छाटणी होते, मांडवावर पान राहत नाही आणि दिवसभर ऊन अंगावर. तिथे कुठलीही ट्यूब कमी पडते, घामाने तासाभरात जाते. भांगलणीला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तो सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा. फक्त शर्ट गडद आणि घट्ट विणीचा असावा. पातळ पांढरं सुती कापड उन्हासमोर धरलं की आरपार दिसतं, आणि घामाने भिजलं की आणखी कमी अडवतं. विकतचा सनकोट घेतानाही हीच परीक्षा करा, आणि हाताचा पंजा झाकणारा घ्या.