आडनावाशिवाय शोधूच न देणारी साइट: मॉरिशसच्या नोंदी, वर्षभराचा अनुभव

काल न विचारता कार्डावरून पुढच्या वर्षाची फी कापली गेली आणि कस्टमर केअरवाले म्हणतात रिफंड मिळणार नाही, म्हणून आता लिहितोच. जुनी रजिस्टरं, जहाजांच्या याद्या दाखवणारी पेड साइट आहे, नाव घेत नाही.

आमच्या खापरपणजोबांचा थोरला भाऊ गणू राजापूरहून मुंबईला आणि तिथून मॉरिशसला उसाच्या मळ्यावर गेला तो परत आलाच नाही, एवढंच घरात माहीत. 1834 पासून तिकडे जवळपास पाच लाख माणसं गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर नेली, बहुतेक कलकत्ता-मद्रासहून, मुंबई बंदरातून त्यामानाने थोडी आणि त्यातच रत्नागिरी-साताऱ्याकडची आपली माणसं. पण या साइटवर आडनावाचा रकाना भरल्याशिवाय सर्चचं बटणच दाबलं जात नाही!! अहो, गिरमिटियांच्या नोंदीत आपल्यासारखं आडनाव कुठलं असायला? नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज आणि सगळ्यात महत्त्वाचा, तिथे उतरल्यावर प्रत्येकाला मिळणारा तो इमिग्रेशन नंबर. पुढे माणसाचं नावच घराण्याला चिकटलं, म्हणून तिथे आज सखाराम, रामजी, बाबाजी ही आडनावं सापडतात. मग मी त्या रकान्यात भरू काय? डॅश चालत नाही, टिंब चालत नाही, सपोर्टला कितीही मेल करा उत्तर एकच, कृपया आडनाव भरा. मॉरिशसच्या नोंदी आहेत म्हणून पैसे घेता ना, मग त्या नोंदी एकदा उघडून तरी बघा.

मधे मत जरा बदललं, तेही सांगायला हवं. तिकडच्या एका कुटुंबाशी ओळख झाली, त्यांचं आडनावच गणू! 2024 मधे ओसीआय कार्ड (परदेशातल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) मॉरिशसवाल्यांना सातव्या पिढीपर्यंत द्यायचं जाहीर झालं तेव्हापासून तेही कागद जमवत होते. मूळ रजिस्टरं मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधे आहेत, तिथून त्यांनी उतारा काढला, त्यात जहाजाचं नाव मिळालं. मग मी साइटवर त्या जहाजाची यादी उघडून पान पान चाळत बसलो आणि सापडला. गणू, बापाचं नाव राघो, राजापूर, डाव्या भुवईवर व्रण. आमच्या वंशावळीच्या वहीतही बाप राघोच. फोटो नाही, ते 1860 च्या दशकात काढायला लागले, हा त्याआधी गेलेला. पण स्कॅन इतका स्वच्छ की झूम केल्यावर वयाचा आकडा खोडून परत लिहिलेलाही दिसतो. ती ओळ बघून खूप भरून आलं, आईला लगेच फोन केला.

म्हणून स्कॅनसाठी दोन स्टार, सर्चसाठी शून्य. कोणाला घ्यायचंच असेल तर आधी मोक्याहून उतारा मागवा, जहाज कळलं की एक महिन्याचा प्लॅन घ्या आणि पैसे भरल्या भरल्या ऑटो रिन्यूअल बंद करा. आडनावाची सक्ती काढेपर्यंत मी यांना आणखी एक रुपया देणार नाही, आणि कालच्या पैशांसाठी बँकेत तक्रार टाकलीये.