डीडब्ल्यूसिम : मिश्रणाचा क्रांतिक बिंदू काढायचा असेल तर

मी रासायनिक अभियांत्रिकीच्या मुलांना थर्मोडायनॅमिक्स शिकवते. क्रांतिक बिंदू म्हणजे ज्या तापमान-दाबाला द्रव आणि वायू यांतला फरकच उरत नाही तो बिंदू. मिश्रणाचा क्रांतिक दाब विचारला की मुलं मोलच्या प्रमाणात सरासरी काढून मोकळी होतात. मिथेनचा ४६ बार, प्रोपेनचा ४२.५, म्हणजे मिश्रणाचा मधेच कुठेतरी. प्रत्यक्षात तो १०० बारच्या आसपास चढतो! फळ्यावर सांगून हे पटत नाही. डीडब्ल्यूसिम या रासायनिक प्रक्रियांच्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये पेंग-रॉबिन्सन समीकरण (दाब, तापमान आणि आकारमान यांचं नातं सांगणारं) निवडून वेगवेगळ्या प्रमाणांचे फेज एन्व्हलप, म्हणजे द्रव आणि वायू एकत्र कुठे राहतात ते दाखवणारे आलेख, काढायला लावले की पटतं.

सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज-लिनक्स दोन्हींवर चालतं. शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ते आपल्याकडच्या कॉलेजांपर्यंत पोचवलं, याचं मला फार मोल आहे. महागड्या लायसन्सवाचून मुलं घरी बसून हे करू शकतात.

माझी आवडती कसोटी कार्बन डायऑक्साइड आणि इथेनची. दोघांचं क्रांतिक तापमान जवळजवळ सारखं, ३०४.१ आणि ३०५.३ केल्विन. पण ठरावीक प्रमाणात मिसळले की ते २९१ केल्विनच्या आसपास उतरतं, दोघांच्याही खाली. म्हणजे २५ अंश सेल्सिअसला दोन्ही वायू वेगवेगळे दाबले तर द्रव होतात, ते मिश्रण मात्र कितीही दाबा, होत नाही. पेंग-रॉबिन्सनसारखं १९७६ सालचं एक त्रिघाती समीकरण हे सांगू शकतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. मात्र त्यासाठी या जोडीचा आंतरक्रिया गुणांक (दोन वेगळ्या रेणूंमधल्या आकर्षणासाठीची दुरुस्ती), ज्याला आपण केआयजे म्हणतो, ०.१३ च्या आसपास हवा. तो शून्य ठेवला तर प्रमाणानुसार क्रांतिक तापमानाच्या आलेखातली ती दरी अगदी उथळ होते. म्हणून रन मारण्याआधी गुणांकांचा तक्ता उघडून बघाच. मी मुलांना दोन्ही आलेख एकाच कागदावर काढायला लावते.

क्रांतिक बिंदूजवळच्या घनतेवर मात्र विसंबू नका. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही, समीकरणाचाच आहे. पेंग-रॉबिन्सनमध्ये क्रांतिक बिंदूवरचा संपीड्यता गुणांक (आदर्श वायूच्या तुलनेत खरं आकारमान किती ते सांगणारा) कुठल्याही पदार्थासाठी ०.३०७ च येतो. कार्बन डायऑक्साइडचा खरा आहे ०.२७५. त्यामुळे तिथली घनता ४६८ ऐवजी सुमारे ४१८ किलो प्रति घनमीटर मिळते. सुपरक्रिटिकल एक्स्ट्रॅक्शनचं (क्रांतिक बिंदूच्या वरच्या वायूने अर्क काढण्याचं) पात्र या आकड्यावर डिझाइन करू नये. तापमान-दाब इथून घ्या आणि घनतेसाठी कूलप्रॉप या पदार्थांचे गुणधर्म काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधली बहुप्राचली (अनेक स्थिरांकांची, जास्त अचूक) समीकरणं वापरा. तेही मोफतच आहे.