चाकांच्या सिरॅमिक कोटिंगमध्ये मी कशी फसले

गाडीच्या चाकांना सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा पातळ संरक्षक थर, केलं की घाटात ब्रेक तापत नाहीत, असं कुणी सांगितलं तर त्या दुकानातून तसेच मागे फिरा. मी फिरले नाही. साडेसात हजार रुपये गेले. पण त्याहून वाईट म्हणजे ब्रेक धड न लागणारी गाडी मी संभाजीनगरहून कन्नडपर्यंत चालवत आणली आणि शेजारच्या सीटवर माझी मुलगी होती. त्या दिवशीचा विचार आला की अजून पोटात गोळा येतो. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी कन्नडला शाळेत विज्ञान शिकवते. माहेर चाळीसगावचं. वडिलांची तब्येत बरी नसते, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी औट्रम घाट उतरणं आलंच. एप्रिलमध्ये असंच एका दुपारी घाट उतरून चहाला थांबले, तर पुढच्या चाकांजवळून जळकट वास येत होता. हात जवळ नेला तर धग लागली. अलॉय व्हीलवर बारीक तांबूस ठिपकेही पडले होते, शाम्पूने घासूनही ते जात नव्हते.

पुढच्या आठवड्यात कामासाठी संभाजीनगरला गेले होते, तेव्हा डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी चकाचक करून देणाऱ्या एका दुकानात ही दोन्ही दुखणी सांगितली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुमचं एकच दुखणं आहे. चाक तापतं म्हणून डाग पडतात. आपलं कोटिंग हजार डिग्री सहन करतं. उष्णता चाकात शिरतच नाही. पाच वर्षं बघायचं काम नाही." मग त्याने काउंटरवरचं एक काळं चाक पुढे ओढलं, त्यावर लायटरची ज्योत धरली आणि काजळी बोटाने पुसून दाखवली. नंतर पाणी शिंपडलं. पाण्याचे टपोरे मोती होऊन घरंगळले. मी जागेवरच पैसे पाठवले.

या दोन्ही करामतींचा अर्थ मला नंतर कळला. पाण्याचे मोती साध्या मेणाच्या पॉलिशवरही होतात, सिलिकॉनच्या स्वस्त स्प्रेवरही होतात. त्यावरून कोटिंग कोणतं आहे, हे कळत नाही. आणि लायटरची ज्योत तीन-चार सेकंद धरली तर जाड धातू तापायला तेवढा वेळच मिळत नाही. आमच्या मेकॅनिककाकांनी गॅरेजमध्ये पडलेल्या, काहीही न लावलेल्या जुन्या अलॉयवर तेच करून दाखवलं. तिथेही काजळी बोटाने पुसली गेली.

हजार डिग्रीचं तर मला फारच लागलं. अॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, हे मी दरवर्षी मुलांना सांगते. अलॉय व्हील अॅल्युमिनियमच्याच मिश्रधातूचं असतं. म्हणजे हजार अंशाला कोटिंग टिकेल की नाही हा प्रश्नच उरत नाही, त्याआधी चाक उरणार नाही. घाटात जोरात ब्रेक लावले तर ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकामागची धातूची तबकडी, काही शे अंशांपर्यंत तापते हे खरं, पण चाक तिच्यापेक्षा खूप थंड राहतं. आणि कोटिंगचा थर असतो जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा. एवढ्याशा पापुद्र्याने ब्रेकची उष्णता अडत नाही आणि ब्रेक थंडही होत नाहीत. ती उष्णता डिस्कवरून वाहणाऱ्या हवेनेच जायची असते.

तर त्या दिवशी. काम तीन तासांचं सांगितलं होतं, मी दीड तासात परतले. गाडी चारही चाकांवर उभी होती. जॅक नव्हता, नट खोललेले नव्हते. एक पोरगा लेबल नसलेल्या बाटलीतून चाकाच्या आऱ्यांमधून फवारा मारत होता आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने दिसतील तेवढ्या आऱ्या पुसत होता. फवाऱ्याचं धुकं आत जाऊन डिस्कवर बसत होतं. मी विचारलं, "चाकं काढत नाहीत का?" तो म्हणाला, "नाही ताई, असंच असतं." मी तेवढ्यावर गप्प बसले. तिथे अडून विचारायला हवं होतं.

गल्लीच्या तोंडाशी पहिला ब्रेक दाबला. पेडल नेहमीसारखंच घट्ट लागलं, पण गाडी पुढे सरकतच राहिली. समोरच्या रिक्षाला वीतभर अंतर ठेवून थांबली. फोन केला तर उत्तर मिळालं, "नवीन कोटिंग आहे ना मॅडम, दोन दिवसांत बसेल." मी मुलीला सीटबेल्ट घट्ट करायला लावला आणि चाळीसच्या वेगाने, पुढच्या गाडीपासून लांब राहून घर गाठलं. गाडी तिथेच सोडून बसने यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिककाकांनी पुढचं चाक काढलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. डिस्कवर तेलकट, इंद्रधनुषी झाक होती आणि फवारा ओघळल्याच्या रेघा होत्या. काकांनी डिस्कला दाबून गाडी थांबवणारा पॅड हातात घेतला, नखाने खरवडला. वरचा भाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. "ताई, हे कामून मारलं यांनी? डिस्कला बोटाचं तेलसुद्धा लागू देत नाहीत." डिस्क ब्रेक क्लीनरने साफ झाली, पण पॅडमध्ये तेलकट पदार्थ मुरला की तो धुऊन निघत नाही. पुढचे पॅड बदलावे लागले.

मग काकांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आत चहासारखा काळपट रंग. चार वर्षांत मी ते बदललेलंच नव्हतं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनांक खाली येतो. नवं डॉट 4 दर्जाचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की हीच मर्यादा 155 पर्यंत उतरते. लांब उतारावर ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. घाटात ब्रेक तापण्याच्या धोक्यावर खरा उपाय होता तो ऑइल बदलण्याचा आणि उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर इंजिनाच्या जोरावर रोखण्याचा. दुकानदाराने माझी भीती बरोबर ओळखली आणि तिच्यावर भलतंच औषध विकलं.

तीन आठवड्यांत पाण्याचे मोती दिसेनासे झाले. तांबूस ठिपके होते तिथेच होते, कारण ते आधी काढलेच नव्हते. ते असतात डिस्क आणि पॅड झिजून उडालेले लोखंडाचे गरम कण. रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअरकोटमध्ये रुततात आणि गंजतात. आयर्न रिमूव्हर, म्हणजे हे कण विरघळवणारा फवारा, मारला की तिथे जांभळे ओघळ येतात आणि उग्र वास सुटतो. ते निघाल्याशिवाय वर काहीही लावणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

चाकांचं कोटिंग हा प्रकारच खोटा आहे असं मी म्हणत नाही. खरं कोटिंग केलेल्या चाकावर ब्रेकची धूळ कमी चिकटते आणि धुणं सोपं होतं, एवढा उपयोग नक्की आहे. पण ते करणारा माणूस आधी चाक गाडीवरून उतरवतो, आयर्न रिमूव्हर मारतो, आतली-बाहेरची बाजू स्वच्छ करतो, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने तेलकटपणा काढतो. मग थोडं थोडं द्रव्य हाताने लावून पुसून घेतो. बाटली तुमच्यासमोर उघडतो. निदान एक दिवस पाणी लागू देऊ नका, आठवडाभर शाम्पू नको, असं बजावतो. मला यातलं एकही वाक्य ऐकायला मिळालं नाही. कार्डावर "9एच, हिऱ्यासारखं कठीण" असं छापलं होतं. 9एच हे पेन्सिलीने ओरखडा काढून बघायच्या चाचणीतलं माप आहे, त्याचा हिऱ्याशी संबंध नाही.

त्या वॉरंटी कार्डावर ना तारीख, ना गाडी नंबर, ना कोटिंगचं नाव. मी परत गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "घाटात चालवता ना, मग वॉरंटी लागू नाही." घाटासाठीच तर त्याने ते विकलं होतं. पक्कं बिलही त्याने दिलं नव्हतं. दुकान जीएसटीत नोंदलेलं असेल तर बिलावर 15 अक्षरी जीएसटी क्रमांक लागतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होणारा, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. माझ्याकडे फक्त यूपीआयची नोंद, कार्डाचा फोटो, फोनवरचे मेसेज आणि काकांनी काढलेले डिस्कचे फोटो आहेत.

तेवढ्यावर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. जुने पॅडही काकांकडून मागून घेतले, फेकू दिले नाहीत.

कुणी नुकतंच असं फवारणीचं काम करून घेतलं असेल आणि ब्रेक लागायला उशीर होतोय असं वाटत असेल, तर गाडी घाटात नेऊ नका. आधी चाक काढून डिस्क बघून घ्या. माझ्या तक्रारीवर दुकानदाराचं उत्तर अजून आलेलं नाही.